मुदत वाढवली आहे

मी संशयी बाई आहे आणि मला त्याचाच पगार मिळतो. दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर मोडून दाखवायचं, हे माझं काम. प्रोग्रामर 'झालं' म्हणाला की मी म्हणायचं, 'दाखव.' या स्वभावापायी माझं लग्न राहिलं असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. राहिलं तर राहिलं. निदान घरात मला कुणी थापा मारत नाही.

तर आमच्या 'रक्तवेल' या वेबसाइटचं पान पापणी लवायच्या आत उघडलं, तेव्हा आमच्या सांगलीच्या ऑफिसात सगळ्यांनी टाळ्या पिटल्या आणि माझ्या कपाळाला आठी पडली. इतकं पटकन? आणलं कुठून?

आता हे कळायला आधी पेट्यांचं प्रकरण कळायला हवं. नवा कायदा आल्यापासून तुमची-आमची आजारपणं, औषधं, रक्तगट यातलं काही कंपन्यांना आपल्याकडे साठवून ठेवता येत नाही. ज्याची माहिती त्याच्या घरी, जेवणाच्या डब्याएवढ्या एका पेटीत. कुणाला हवी असेल तर त्यानं दर वेळी त्या पेटीचं दार वाजवायचं. कायदा चांगलाच आहे. पण रक्तवेल म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रातले रक्तदाते. एका गटाची माणसं शोधायची तर हजारो पेट्यांची दारं वाजवायची. कुणाकडे वीज गेलेली, कुणाचं इंटरनेट रडतखडत चाललेलं. सगळ्यांची उत्तरं येईपर्यंत पडद्यावर ते गोल चक्र फिरत बसायचं आणि इकडे पेशंटच्या नातेवाइकांचा जीव टांगणीला.

भरतेशनं यावर उपाय काढला. भरतेश चौगुले म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात हुशार प्रोग्रामर आणि माझ्या धाकट्या बहिणीचा, त्रिशलाचा नवरा. ऑफिसात मी त्याला 'अरे भरतेश' म्हणते आणि घरी, आईच्या धाकानं, 'अहो भरतेशराव'. ऑफिसात मी 'अहो' म्हटलं की त्यानं समजून जावं, आज काही खरं नाही.

त्याच्या उपायाचं नाव ओंजळ. कल्पना साधी. पाण्यासाठी दर खेपेला कोण नदीवर जातं? घरात हंडा भरून ठेवायचा. तसं पेटीनं एकदा दिलेलं उत्तर रक्तवेलनं थोडा वेळ आपल्याजवळ धरून ठेवायचं. कुणी विचारलं की जवळचंच द्यायचं. सगळ्या वेबसाइटी हे करतातच, कायद्यानंही दात्याच्या संमतीनं तेवढी सूट दिली होती. खरा प्रश्न वेगळाच असतो, की हंड्यातलं पाणी शिळं कधी झालं म्हणायचं? पूर्वी यासाठी सरसकट एक मुदत असायची. मुदत संपली की उत्तर ओतून द्यायचं आणि नवं आणायचं. भरतेशची ओंजळ मात्र प्रत्येक माणसाची मुदत स्वतः ठरवायला शिकली. ज्याचं उत्तर वर्षानुवर्षं बदलत नाही त्याला जास्त मुदत. त्याच्या पेटीला छळायचंच नाही. मुदत संपत आली की एक गोड आवाजाची बाई, म्हणजे यंत्रच, दात्याला फोन करायची आणि तो म्हणेल तसं करायची. आणि जो एकदा नाही म्हणाला त्याला पुन्हा विचारून त्रास द्यायचा नाही, असाही एक नियम भरतेशनं घातला होता. मुलगा तसा सभ्य आहे.

"चक्र गेलं की नाही, ताई?" टाळ्या थांबल्यावर तो मला म्हणाला.

"चक्र गेलं. उत्तर खरं आहे कशावरून?"

"झालं हिचं सुरू," असं कुणीतरी मागून म्हणालं. म्हणू दे.

हे सगळं ऑफिसातलं. त्याला दोन वर्षं होत आली आणि घरात वेगळीच काळजी सुरू झाली. त्रिशलाला दिवस गेले होते, आठवा संपत आला होता आणि गर्भपिशवीतली वार खाली सरकली होती. अशा बाळंतपणात एकदा रक्त जायला लागलं की थांबत नाही. त्यात तिचा रक्तगट बॉम्बे. मुंबईत पहिल्यांदा सापडला म्हणून ते नाव. साध्या तपासणीत तो ओ दिसतो, पण या माणसाला ओ गटाचं रक्त दिलं तर जिवावर बेतेल. त्याला फक्त त्याच गटाचं चालतं, आणि असा माणूस दहा हजारांत एखादा. हा गट घराण्यात उतरतो म्हणून माझीही तपासणी झाली. माझं रक्त साधं ओ निघालं. बहिणीच्या उपयोगी नाही ते रक्त काय करायचं, असं वाटून मी त्या दिवशी रिक्षात रडले.

मिरजेच्या डॉक्टर शिरगुप्पे बाईंनी आम्हा तिघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं. "हिचं स्वतःचं रक्त आधी काढून ठेवलं असतं, पण अंगात आहेच किती? साठवलेल्या पिशव्या मुंबई-पुण्यात चौकशी करून झाल्या, शिल्लक नाहीत. एक तरी पिशवी हाताशी असल्याशिवाय मी ऑपरेशनला उभी राहणार नाही. आणि फार थांबताही येणार नाही."

भरतेशनं फोन काढला, रक्तवेल उघडली आणि डॉक्टरांपुढे धरली. चक्र नाही, काही नाही. कुरुंदवाडवर एक हिरवा ठिपका. गजानन कासार, उपलब्ध. सगळ्या जिल्ह्याच्या आसपास तेवढा एकच हिरवा होता.

"वा!" डॉक्टर म्हणाल्या. "मग बुधवारी त्यांना बोलावू, रक्त काढून तपासू आणि गुरुवारी ऑपरेशन."

त्रिशलानं नवऱ्याचा हात दाबला. मी त्या ठिपक्याकडे बघत राहिले. मला तो आवडला नाही. दुसऱ्या गटांचे ठिपके यायला थोडे तरी अडखळत होते, कारण त्यांची उत्तरं निदान अधूनमधून पेटीतून येत असतात. हा पठ्ठ्या आमची वाट बघत बसल्यासारखा आधीच हजर होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी त्याची पाळंमुळं खणली. माझ्या कामासाठी मला तेवढी परवानगी आहे. गजानन कासारांची पेटी कित्येक महिन्यांत कुणी उघडलीच नव्हती. उत्तर ओंजळीतलं, जुनं. आणि त्याच्यापुढे शेरा होता, 'मुदत वाढवली आहे, दात्याच्या विनंतीवरून.' एकदा नाही, तीन-तीनदा.

आता सांगा, कुठला माणूस स्वतः होऊन विनंती करतो की बाई गं, माझी मुदत वाढव? लोक फोन उचलत नाहीत. उचलला तर 'हां हां' म्हणून ठेवून देतात. माझी खात्री पटली की हे कुणीतरी हातानं लिहिलंय. आणि ओंजळीत हात घालणारा माणूस ऑफिसात एकच होता. तेव्हा रक्तवेल महाराष्ट्रभर नुकतीच सुरू झाली होती. दुर्मिळ गटांत हिरवे ठिपके दिसले तर साहेब खूश, मंत्रालय खूश. चार ठिपके रंगवायला कितीसा वेळ लागतो?

दुपारी मी तडक बहिणीच्या घरी गेले. दोघं जेवायला बसले होते.

"भरतेशराव, तुम्ही त्या कासारांची मुदत वाढवलीत का?"

त्याचा घास हातात राहिला. "मी? दात्यानं वाढवलीय. शेरा वाचला नाहीस का?"

"वाचला. म्हणूनच विचारते."

"ताई, तुला म्हणायचंय काय? मी माझ्या बायकोच्या जिवाशी खेळेन?"

"तिच्यासाठी नाही रंगवलंत. तेव्हा तिला दिवसही गेले नव्हते. ऑफिससाठी रंगवलंत, आणि आता तेच आपल्या अंगावर आलंय."

तो उठलाच ताटावरून. कान लाल झाले होते. "हिला कुणी सांगा! सगळ्या जगावर संशय घे, माझ्यावर पण घे. उद्या म्हणशील, बाळ पण रंगवलेलं आहे!"

"ओरडू नका," त्रिशला म्हणाली. ती पोटावर हात ठेवून भिंतीला टेकली होती. "ताई, तूसुद्धा पुरे कर. माझा यांच्यावर विश्वास आहे. पण तुम्ही दोघं असेच भांडत बसलात तर मी गुरुवारपर्यंत पोचायची नाही. कुरुंदवाड काय लंकेत आहे? दोघं जा आणि त्या माणसाला विचारून या."

हे आम्हा दोघा शहाण्यांना सुचलं नव्हतं.

गाडी आपली आपण चालली होती, त्यामुळे रस्त्याकडे बघायचंही निमित्त नव्हतं. भरतेश डावीकडच्या उसाकडे बघत बसला, मी उजवीकडच्या. गाडीनं मध्येच विचारलं, गाणी लावू का? दोघंही एकदम नको म्हणालो.

कुरुंदवाडात कासार म्हटल्यावर एका पोरानं बोट दाखवलं. बाजारपेठेत दुकान, भिंतभर बांगड्या, आणि बैठकीवर पांढऱ्या टोपीतले गजाअण्णा. साठीच्या आसपासचे, हसतमुख. समोर एक बाई हात पुढे करून बसली होती आणि अण्णा तिची बोटं चेपून हिरवा चुडा चढवत होते. एक बांगडी कट्कन गेली.

"वाढली ही," अण्णा म्हणाले. "ऱ्हाऊ द्या, दुसरी घालू."

बाई चुडा भरून, नमस्कार करून गेली. अण्णांनी आमच्याकडे बघितलं. "या की. बसा. कुणाच्या मापाच्या दावू?"

भरतेशनं आपली ओळख सांगितली. रक्तवेलचं नाव काढल्यावर अण्णांनी मान डोलवली. मग तो म्हणाला, "बुधवारी तुम्हाला मिरजेला यायचंय, अण्णा. रक्त द्यायला. निरोप येईलच."

"मला? न्हाई बा. माझं ते कवाच वाढवलंय मी."

भरतेशचा चेहरा उजळला. माझ्याकडे बघून त्यानं भुवया उडवल्या. "ऐकलंस? यांनी स्वतः वाढवलंय."

"व्हय, सोता वाढवलंय. दोन-तीनदा सांगून वाढवलंय."

"म्हणजे बुधवारी येताय तुम्ही."

"आवो, कसा यीन? वाढवलंय म्हणतोय न्हवं?"

"वाढवलंय म्हणूनच तर यायचं!"

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून आवाज खाली आणून म्हणाले, "ह्यास्नी बरं न्हाई काय?"

मला हसू येत होतं आणि आतून काहीतरी टोचत होतं. बैठकीवर मघाच्या हिरव्या काचा पडल्या होत्या. मी विचारलं, "अण्णा, मघाशी ती बांगडी... काय झालं तिचं?"

"वाढली की."

"म्हणजे फुटली."

अण्णांनी कानाला हात लावला. "आसं म्हनू नये, ताई. सवाष्णीचा चुडा. वाढला म्हनायचं."

"आणि रात्री दुकान काय करता?"

"वाढवतो."

"आणि देवापुढचा दिवा?"

"त्यो बी वाढवायचाच. इजवला कोण म्हनतंय?"

मी भरतेशकडे बघितलं. त्याच्या तोंडावरचा रंग उतरत होता. मला नारळ वाढवतात एवढंच माहीत होतं आणि त्याला बहुधा तेवढंही आठवलं नव्हतं. त्याची गोड आवाजाची बाई मराठी शिकली होती सरकारी परिपत्रकांवर आणि बँकांच्या पत्रांवर. तिथे वाढवतात ती मुदत.

तरी माझा स्वभाव. ऐकीव गोष्टीवर मी सही करत नाही. मी फोनवरून चाचणीची विनंती पाठवली, आणि दोन मिनिटांत अण्णांचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"नमस्कार, गजाननजी. रक्तदाता म्हणून आपलं नाव यापुढेही चालू ठेवायचं का?"

"आली बगा हीच," अण्णा आम्हाला म्हणाले आणि फोनकडे तोंड करून, अगदी लेकीशी बोलावं तसं, "वाढव बाई ते आता. लई झालं."

"आभारी आहे. आपल्या विनंतीनुसार मुदत वाढवली आहे."

"बगा! दर बारीला आशीच आभार मानती. मला वाटलं, झालं आपलं काम."

"पण अण्णा," मी म्हटलं, "सरळ 'बंद कर' का नाही म्हणालात?"

"रगतदान हाय, ताई. चांगलं काम. त्येला तोंडानं बंद कसं म्हनायचं?" त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण काढून छातीकडे बोट केलं. "दोन जाळ्या बसवल्यात आत. डाक्टर म्हनलं, आता रगत द्यायचं न्हाई. मग मी काय करनार?"

भरतेश दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला. रस्त्याकडे तोंड करून, डोकं दोन्ही हातांत धरून. आयुष्यभर मी त्याला चुकीचं ठरवायची संधी शोधत आले आणि आज ती मिळाली तेव्हा मला नको होती. त्यानं काही रंगवलं नव्हतं. मी त्याच्यावर आळ घेतला होता. आणि तो खोटारडा निघाला असता तर किती बरं झालं असतं, असं मला वाटत होतं, कारण मग निदान खऱ्या ठिपक्यांवर तरी भरवसा ठेवता आला असता. आता जिल्ह्यात एकही हिरवा ठिपका उरला नव्हता. त्रिशला घरी भिंतीला टेकून आमची वाट बघत होती.

"कुनाला पायजे रगत?" अण्णांनी विचारलं.

"माझ्या धाकट्या बहिणीला. यांच्या बायकोला. बाळंतपण आहे, आणि तिचंही रक्त तुमच्याच गटाचं."

अण्णा उठले आणि मागच्या पडद्याकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "मीनल! ए मीनल!"

पडदा सारून तिशीची एक मुलगी बाहेर आली. सडपातळ, हात पिठानं माखलेले.

"माझी लेक. हिचं बी रगत माझ्यासारखंच हाय."

भरतेश ताडकन उठला आणि फोन चाळायला लागला. तीही यादीत होती. करड्या रंगात, अनुपलब्ध.

"तुम्ही नाही म्हणाला होता?" त्यानं विचारलं.

"हो. तेव्हा पोरगा अंगावर पीत होता." मीनल आमच्या दोघांकडे आलटून पालटून बघत होती. "आता शाळेत जातोय तो."

"मग पुन्हा फोन नाही आला कुणाचा?"

"नाही ओ."

येणार कसा? नाही म्हणणाऱ्याला त्रास द्यायचा नाही, हा त्याचाच नियम. मी त्याच्याकडे बघितलंही नाही. तेवढी माणुसकी मला आहे.

"द्यायची ती," अण्णा म्हणाले. "माझी पोरगी हाय. बुधवारी मी सोता घिऊन येतो." मीनलनं पदराला हात पुसले आणि ती आत गेली.

परत येताना भरतेशनं गाडीतच लॅपटॉप उघडला. मिरजेची रक्तपेढी रक्तवेलवर हिरवा ठिपका दिसल्याशिवाय कुणाच्या दंडाला सुई लावत नाही, तसा नियमच आहे. त्यामुळे मीनलचं जुनं 'नाही' ओंजळीतून काढून टाकणं भाग होतं. त्यानं ते काढलं. रक्तवेलनं तिच्या पेटीला नव्यानं विचारलं, चक्र फिरलं, फोनवर तिनं हो म्हटलं आणि ठिपका हिरवा झाला. भरतेशनं मान मागे टाकून डोळे मिटले.

"आणि बाकीचे?" मी म्हटलं.

"बाकीचे कोण?"

"त्या बाईला महाराष्ट्रात आणखी किती जणांनी 'वाढव' म्हणून सांगितलं असेल? जरा शोध."

त्यानं नाखुशीनंच शोधलं. शब्द पडद्यावर खाली खाली येत गेले. विट्याचा कुणी सराफ म्हणालेला, 'आता वाढवा आमचं.' वाईचे कुणी गुरुजी, 'वाढवून टाका, वय झालं.' कऱ्हाडची एक आजी, 'वाढव गं माझं बाय.' सगळे हिरवे.

"प्रत्येकाच्या भरवशावर कुणाची तरी त्रिशला ऑपरेशनला निघाली असेल," मी म्हटलं. "ओंजळ रिकामी कर."

"हे काढतो की. एवढेच."

"आणि जे 'नाही' म्हणून पडून आहेत? मीनलसारखे? आणि ज्यांना वर्षभर विचारलंच नाही ते? सगळी रिकामी कर."

"ताई, सगळी रिकामी केली तर काय होईल कळतंय का तुला? एकेका पेटीचं दार पुन्हा वाजवावं लागेल. आख्ख्या राज्यात पडद्यावर चक्र. तास, कदाचित दिवस. लोक शिव्या घालतील. साहेब मला उभा चिरतील."

"घालू देत शिव्या. चक्र फिरतंय म्हटल्यावर माणूस दुसरीकडे फोन तरी करेल. हिरवा ठिपका बघून तो गप्प बसतो."

गाडी अंकलीच्या पुलावर आली. त्याला वाटत असलेली भीती मला दिसत होती. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम होतं ते. मग त्यानं लॅपटॉप मांडीवर सरळ केला, आज्ञा लिहिली, ती पुन्हा एकदा वाचली आणि बटण दाबलं.

महाराष्ट्राचा नकाशा करडा पडत गेला. कोकण गेलं, खानदेश गेला, मग विदर्भ. मीनलचा नुकता आलेला सोडून प्रत्येक ठिपक्याच्या जागी एक बारकं चक्र फिरायला लागलं. पाच मिनिटांत त्याचा फोन वाजला. साहेब. त्यानं तो बंद करून खिशात टाकला.

"वाढवलास होय?" मी म्हटलं.

त्याला हसू आलं, आणि मग तो चक्क रडला. मी उसाकडे बघत बसले.

बुधवारी सकाळी अण्णा लेकीला घेऊन वेळेवर आले. त्रिशलाला आदल्या दिवशीच दाखल केलं होतं. मीनल तिला बघायला म्हणून खोलीत आली आणि दारातच उभी राहिली. डॉक्टर शिरगुप्पे कागद चाळत होत्या. "सगळं तयार आहे," त्या म्हणाल्या. "रक्तवेलवर यांची ताजी संमती आहे. खाली पाठवा यांना."

आम्ही सगळं त्रिशलाला सांगितलं होतं, अण्णांचं 'वाढव'सुद्धा. ऐकताना ती हसली होती. नंतर, मीनल स्वतः काय म्हणाली, हे तिनं दोनदा विचारलं होतं.

आता ती उशीवरून उठून बसली. "डॉक्टर, एक मिनिट. मीनलताई, इकडे या. तुम्हाला खरंच द्यायचंय का रक्त?"

"आगं, देती की ती," अण्णा म्हणाले. "न्हाई कशाला म्हनंल?"

"अण्णा, मी त्यांना विचारतेय."

माझं डोकंच फिरलं. हे काय काढलं हिनं? गुरुवार उद्यावर आलाय, दुसरा दाता नाही, आणि ही बया विचारत बसलीय! आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, कुणी कुणाला काही विचारू नये. आलंय ना 'हो'? घ्या आणि गप्प बसा. मी पुढे होऊन म्हणणार होते, त्रिशले, वेडी का तू, पण भरतेशनं माझं मनगट धरलं.

मीनल जमिनीकडे बघत होती. बाहेर पॅसेजमध्ये कुणाचं तरी स्ट्रेचर गेलं. मी तिच्या ओठांकडे बघत होते आणि मनातल्या मनात तिच्या पाया पडत होते.

"खरं सांगू?" अखेर ती म्हणाली. "फोनवर अण्णा शेजारी होते, म्हणून हो म्हटलं."

डॉक्टरांनी कागद खाली ठेवले.

"मला सुईची लई भीती वाटते. पोराच्या वेळी चक्कर येऊन पडले होते. अण्णांना हे माहीतच नाही. त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही." तिनं मान वर करून त्रिशलाकडे बघितलं, तिच्या पोटाकडे बघितलं. मग म्हणाली, "खाली त्या खुर्चीत एकटीला नाही जमायचं मला. इथं काढतील का? तुमच्याजवळ बसून?"

डॉक्टरांनी होकार दिला आणि रक्तपेढीतल्या माणसाला वर बोलावलं. त्रिशला पोट सांभाळत पलंगाच्या कडेला सरकली, तिनं शेजारी जागा केली आणि आपला हात मीनलपुढे धरला.